मुलं किती?
आज नव्याने ओळख झालेल्या एका बाईंनी सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" म्हटलं, दोन. धाकटा लहानपणीच गेला, हेही सांगितलं. त्या गडबडल्या, विषय बदलायला लागल्या. मग मीच सुरू झाले! लपाछपीत हा पडद्यामागे लपायचा, पाय बाहेर. "कुठे गेला बाई हा?" म्हटलं की आतून ओरडायचा, "मी इथे नाहीये!" चपला कायम उलट्या पायात. सरळ करून दिल्या की रागावून पुन्हा उलट्या. (हट्टी होता हो, उगाच देवमाणूस नका करू त्याला.) लोकांना वाटतं, त्याचं नाव काढलं की मला त्रास होईल. पण हल्ली ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायलाच मिळत नाही. तेव्हा भेटलात की खुशाल विषय काढा. माझे डोळे भरले तरी काढा.