कर्नलची नोंद: पहारेकरी शाबूत, रनक्यू फुटलेली

सापडला! मी लिहीत असलेल्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, अकरा रात्री छळणारा पेज फॉल्ट (मेमरीतल्या चुकीच्या पत्त्यावर गेल्यामुळे येणारी चूक) काल पहाटे हाती लागला. मागच्या नोंदीत मी शेड्यूलरवर (पुढे कोणती प्रोसेस चालवायची हे ठरवणाऱ्या भागावर) घेतलेला आळ मागे घेते, त्याचा काही दोष नव्हता. चूक स्ट्रिंग जोडण्यात होती.

लक्षण असं: क्यूएमू या एम्युलेटरवर, ६४ बिटच्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर, प्रोसेसची यादी छापली की पुढच्या टिकला (घड्याळाच्या ठोक्याला) कर्नल कोसळायचा. तेही लांब नावाची चाचणीची प्रोसेस चालू असेल तरच. जीडीबी या डीबगरमध्ये पाहिलं की रनक्यूच्या (चालायला तयार प्रोसेसच्या रांगेच्या) हेड पॉइंटरमध्ये, म्हणजे रांगेतल्या पहिल्या प्रोसेसचा पत्ता ठेवणाऱ्या जागेत, दर वेळी तेच दिसायचं. वरचे तीन बाइट शून्य आणि मग हेक्समध्ये ७९ ६४ ६१ ६५ ७२. इतके दिवस मी ते पत्ता म्हणूनच बघत होते. परवा चहा गाळताना डोक्यात आलं, हे लिटल एंडियन आहे, म्हणजे सगळ्यात खालचा बाइट मेमरीत आधी येतो, उलटं वाच. आस्की कोडमध्ये ७२ म्हणजे आर, ६५ ई, ६१ ए, ६४ डी, ७९ वाय. रेडी! प्रोसेसची अवस्था सांगणारा शब्द पॉइंटरच्या जागी जाऊन बसला होता.

पण एक गोष्ट जुळेना. हेड पॉइंटर ज्या स्ट्रक्टमध्ये (एकत्र ठेवलेल्या डेटाच्या गटात) आहे, त्यातच छापायची ओळ जुळवणाऱ्या १२८ बाइटच्या लाइन बफरला लागून मी आठ बाइटचा पहारेकरी, म्हणजे बफर ओसंडला तर बिघडणारी ठरावीक खूण, ठेवलाय, आणि तो दर वेळी शाबूत सापडायचा. त्याच्या भरवशावर तर बफर ओसंडल्याची शक्यता मी पहिल्याच दिवशी खोडली होती. शेवटी हेड पॉइंटरवर हार्डवेअर वॉचपॉइंट लावला, म्हणजे तिथे कोणी लिहिलं की थांबणारा सापळा. तो थेट माझ्या एसएनप्रिंटएफच्या, म्हणजे ठरावीक जागेत मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनच्या, आत थांबला.

माझं फंक्शन सी भाषेच्या सी९९ या मानकाच्या नियमाने चालतं. किती अक्षरं लिहिली हे ते सांगत नाही, जागा पुरली असती तर किती लिहिली असती ते सांगतं. मी तो आकडा डोळे झाकून पोझिशनमध्ये (बफरमध्ये पुढे कुठून लिहायचं त्या आकड्यात) मिळवत होते. पोझिशन १२०, जागा उरलेली ८, आणि नाव व पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) मिळून अक्षरं २४. फंक्शनने सात अक्षरं आणि शेवटचा शून्य (स्ट्रिंग संपल्याची खूण) लिहिला, परत मात्र २४ दिले. पोझिशन झाली १४४. पुढच्या कॉलला उरलेली जागा १२८ वजा १४४. साइझ-टीमध्ये (सी भाषेत आकारमान ठेवायच्या प्रकारात) ऋण संख्या मावत नाही, त्यामुळे ती झाली १८४४६७४४०७३७०९५५१६००. मग लिहिणं सुरू झालं ते १४४ पासूनच: पहारेकऱ्याचे आठ बाइट मागे टाकून, टिक काउंटरचे आठ टाकून, नेमकं हेड पॉइंटरवर.

आता लिनक्सच्या एससीएनप्रिंटएफसारखं, प्रत्यक्ष लिहिलेली अक्षरंच परत देणारं फंक्शन केलंय. रात्रभर चाळीस प्रोसेस चालवल्या, एकदाही कोसळला नाही. काय बरं वाटलं!

त्याच झडतीत स्ट्रएनकॉपी हे स्ट्रिंगची नक्कल करणारं फंक्शन चार जागी सापडलं, चारही काढली. स्ट्रिंग मावली नाही तर ते शेवटचा शून्य टाकतच नाही, आणि मावली तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसतं. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीतल्या १४ बाइटच्या नावांना ते चपखल होतं. पण शिकाऊ मुलांना ते 'सुरक्षित' म्हणून शिकवतात, याचा मला मनापासून राग येतो. जीसीसी या कम्पायलरचं फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट मात्र (छापायचा साचा आणि दिलेले आकडे जुळतात का हे तपासायला लावणारी खूण) प्रत्येकाने आपल्या प्रिंट फंक्शनवर लावाच. एक ओळ टाकली आणि ६४ बिटचा आकडा छोट्या आकड्यांसाठीच्या साध्या पर्सेंट-डीने छापणाऱ्या तीन जागा लगेच उघड्या पडल्या.

पुढे सगळे जुने कॉल एकेक करून बदलायचे, असं ठरवून लिहायला बसले होते. पण वरची वजाबाकी पुन्हा वाचताना वाटतंय, ती वजाबाकीच नको. प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममधलं एसईप्रिंट बफरच्या शेवटाचा पॉइंटर घेतं आणि जिथवर लिहिलं तिथला पॉइंटर परत देतं. तोच पुढच्या कॉलला द्यायचा, शेवट जागचा हलत नाही. तर आता तेच करते, कालचं फंक्शन चार दिवसांचं पाहुणं ठरलं.

शिवाय अवस्थांची नावं मराठीत करायची आहेत. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे 'तयार' हा शब्द १२ बाइटचा. मधेच कापला तर टर्मिनलवर चौकोन उमटतात. त्यामुळे जागा संपली की बायनरीत १० ने सुरू होणारे बाइट सोडत चिन्हाच्या पहिल्या बाइटपर्यंत मागे यायचं आणि तिथेच कापायचं. तरी 'त' राहून 'या'चा काना तेवढा गळू शकतो, त्यावर अजून विचार चालू आहे. कोणी हे आधी केलं असेल तर सांगा, आज रात्री दहा बाइटच्या बफरमध्ये 'तयार' घालून बघणार आहे.