तुमचं नाव कोणत्या वसंतावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं हे तुम्ही एकटेच विचारत नाही. मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे, वय चाळिशीच्या आसपास, आणि टेबलावरच्या पाटीवर नाव आहे वसंत. समोर बसलेला माणूस आधी पाटी वाचतो, मग माझ्याकडे बघतो, मग परत पाटीकडे. पाटी माझीच आहे, निवृत्त झालेल्या साहेबांची चुकून राहिलेली नाही, हे त्याला पटलं की प्रश्न येतोच: "या वयात वसंत? कोणत्या वसंतावरून ठेवलं हो?"

गंमत अशी की उत्तरासाठी कुणी थांबत नाही. विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं आणि ते गावागणिक बदलतं. आमच्या नोकरीत बदल्या चुकत नाहीत, त्यामुळे एकाच नावाची बरीच उत्तरं माझ्या पदरात पडली आहेत.

सांगली भागात प्रश्नाचा प्रश्नच नसतो. तिथं वसंत म्हणजे दादा. नुसतं "दादांवरून असणार" एवढं म्हणून माणूस पासबुक पुढे सरकवतो. पद्माळ्याचे वसंतदादा पाटील, जन्म 1917. शाळा फारशी नाही. 24 जुलै 1943 ला सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह पळाले आणि त्या पळापळीत गोळी लागली. सांगलीकर ही गोष्ट अशी सांगतो की काल दुपारी घडली असावी. पुढे साखर कारखाना, सहकार, मुख्यमंत्रिपद. एका पेन्शनर शिक्षकांनी मला एकदा बजावलं होतं, "तुम्ही इंजिनिअरिंग केलंय ना? मग तुमच्या कॉलेजलासुद्धा दादांचीच परवानगी." मी बी.कॉम. आहे. पण मुद्दा खरा होता. 1983 मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं ते स्वतः जेमतेम शिकलेल्या या माणसानं. ते बरं झालं की वाईट, यावर आमच्या शाखेत दोन शिपायांची दोन मतं होती आणि दोघांची मुलं इंजिनिअर होती.

तिथून बदली झाली यवतमाळ जिल्ह्यात. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी पाटी वाचून खूश झाला. "नाईकसाहेबांचं नाव. चांगलं केलं तुमच्या बापानं." मी भाबडेपणानं सांगलीचा किस्सा सांगितला, तर तो म्हणाला, "तिकडच्या लोकांना उसापलीकडं दिसत नाही काही." वसंतराव नाईक गहुलीचे, बंजारा समाजातले. डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 अशी सलग अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिले. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर लटकवा, असं ते जाहीर सभेत म्हणाल्याची गोष्ट पुसदकडे प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात ती सभा जराशी मोठी होते. संकरित ज्वारी, 1972 चा दुष्काळ, रोजगार हमीची कामं, हे सगळं त्यांच्याच काळातलं. त्यांचा 1 जुलै हा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो आणि परभणीच्या कृषी विद्यापीठालाही आता त्यांचंच नाव आहे. उसावर संशोधन करणारी पुण्याजवळच्या मांजरी गावची संस्था मात्र वसंतदादांच्या नावानं. म्हणजे ज्वारीचा वसंत वेगळा, उसाचा वसंत वेगळा. पीककर्जाच्या अर्जावर मला हा फरक लगेच कळतो.

हिशेब केला तर 1963 ते 1985 या काळात निम्म्याहून जास्त वर्षं महाराष्ट्राचा कारभार कुठल्या ना कुठल्या वसंताकडे होता. लोकांचा गोंधळ झाला नाही, कारण मराठी माणूस नावापेक्षा नावाच्या शेपटाकडे बघतो. एकाला दादा म्हटलं, दुसऱ्याला राव आणि वर साहेब लावलं, काम झालं. तिसरा वसंत गवई, त्याला पुण्यात खाँ म्हणतात.

पुण्याची बदली मला सगळ्यात जड गेली, कारण तिथं नुसतं ऐकून सुटका नाही, परीक्षा होते. लॉकर उघडायला येणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, "संगीतकार तीन. सांगा." मला दोन आले. तेव्हापासून ते गृहस्थ आले की लॉकरची किल्ली राहायची बाजूला आणि तास सुरू व्हायचा. त्यांचं म्हणणं असं की एका वेळी तीन-तीन वसंत चाली देत होते आणि रेडिओवर निवेदक आडनाव घाईनं बोलला की घरात वाद पेटायचे.

त्यांनी मला ते वेगळे ओळखायची युक्ती शिकवली. सकाळी "घनश्याम सुंदरा श्रीधरा" लागलं तर वसंत देसाई. मुलीची पाठवणी करताना "गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का" आलं आणि मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या की वसंत प्रभू. आणि रात्री "बुगडी माझी सांडली गं" वर शिट्टी वाजली तर वसंत पवार. भूपाळी, पाठवणी आणि लावणी. युक्ती अर्थातच अपुरी आहे, या तिघांनी इतर प्रकारचंही भरपूर केलं. पण माझ्या डोक्यात ती घट्ट बसली.

वसंत देसाईंबद्दल मला वेगळंच कौतुक वाटतं. जन्म 1912 चा, गाव सिंधुदुर्गातलं सोनवडे. "ऐ मालिक तेरे बंदे हम" त्यांचं आणि "हमको मन की शक्ती देना" पण त्यांचंच. म्हणजे या देशातल्या किती मुलांनी सकाळी उन्हात रांगेत उभं राहून या एका माणसाची चाल म्हटली असेल, आणि त्यांतल्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल? आमच्या शाळेत प्रार्थनेला दोन्ही गाणी आलटून पालटून असायची. आपल्याच नावाच्या माणसाची चाल आपण रोज बेसूर करतोय हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आणि मग ते खाँ. डॉ. वसंतराव देशपांडे, मूळचे मूर्तिजापूरचे. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या सिनेमात कृष्ण झाले, लाहोरला जाऊन मारवा राग शिकले, 1967 मध्ये "कट्यार काळजात घुसली" मधले खाँसाहेब झाले. पण आमच्या बँकेतल्या माणसाला त्यांच्यातलं सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू? या माणसानं बरीच वर्षं संरक्षण खात्याच्या हिशेब कार्यालयात नोकरी केली, पार ईशान्येच्या सीमेवर बदली होईपर्यंत. जमाखर्च जुळवून घरी येऊन असं गायचं! मार्चअखेरीला बारा वाजता शाखेतून बाहेर पडताना मला हे आठवतं आणि माझ्याच्यानं शीळसुद्धा निघत नाही.

नोकरी करून दुसरंच काही करणारा आणखी एक वसंत आहे. व्यंगचित्रकार वसंत सरवटे. ते एसीसी या सिमेंटच्या कंपनीत स्थापत्य अभियंता. मराठी वाचकाच्या मनातली कित्येक पात्रं दिसतात कशी, हे त्यांच्या रेषेनं ठरवलं. रंगीत टीव्हीचा आग्रह धरणारे केंद्रीय मंत्री वसंत साठे, रॉकेटच्या इंधनावर आयुष्य घालवून पुढे पावसाच्या अंदाजाकडे वळलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर, नाशकात इंग्रजी शिकवता शिकवता रंगभूमी गाजवणारे वसंत कानेटकर, गोव्यात उद्योग उभा करणारे वसंतराव डेंपो. हे सगळे एका पंगतीला बसले असते तर एकमेकांशी काय बोलले असते देव जाणे. बहुतेक कुणी "अहो वसंतराव" म्हटलं असतं आणि सगळ्यांनी माना वर केल्या असत्या.

हे मी उगाच म्हणत नाही. सांगलीकडच्या शाखेत नोव्हेंबरात हे रोज बघायचो. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात, बाकावर ओळीनं बसतात, आणि "वसंतराव, या" म्हटलं की एकाच वेळी तीन काठ्या टेकल्या जातात. कॉम्प्युटर त्यांना खाते क्रमांकानं ओळखतो, पण आमच्या जुन्या हेडकॅशियरनं रजिस्टरात पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या: मास्तर, गुऱ्हाळवाले, वरची आळी. एका नावापुढे नुसतं "ऐकू येत नाही" असं होतं. त्या खुणांनी जेवढं काम केलं तेवढं केवायसीच्या कागदांनी केलेलं मी पाहिलं नाही. अलीकडे तिथं गेलो तेव्हा बाकावर एकच वसंतराव होते. नवी खाती उघडायला येतात ते आरव, विहान आणि शौर्य.

म्हणून लोकांना माझं नाव जुनाट वाटतं. इथं मात्र माझं ठाम म्हणणं आहे. वर सांगितलेल्या माणसांचे जन्म बघा. देसाई 1912, नाईक 1913, दादा 1917, देशपांडे 1920, साठे 1925, सरवटे 1927, गोवारीकर 1933. संगीत, राजकारण, विज्ञान, चित्र यांत त्यांना बांधणारं काही नाही. ही माणसं एकमेकांसारखी नाहीत, त्यांचे आईबाप एकमेकांसारखे होते. पांडुरंग, विठ्ठल, गणपत, नारायण अशी देवांची नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असताना या लोकांनी ती सोडून नवं काहीतरी ठेवायचं धाडस केलं. तांड्यावरही तेच, कोकणातही तेच. आणखी पुरावा हवा असेल तर दोन लेखक घ्या. कवी वसंत बापट, आमच्या कऱ्हाडात जन्मलेले. त्यांचं खरं नाव विश्वनाथ. नाटककार वसंत सबनीस, त्यांचं खरं नाव रघुनाथ. दोघांनी देवाचं नाव बाजूला ठेवून लिहायला वसंत हे नाव घेतलं. आज कुणी लेखक नाव बदलून वसंत घेईल? तेव्हा ते घ्यावंसं वाटत होतं, इतकं ते ताजं होतं. तुमच्या विहानपेक्षा कमी नाही.

आता खरं उत्तर. माझं नाव यांच्यापैकी कुणावरूनही नाही. ते माझ्या आजोबांवरून आहे. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि माझ्या जन्माच्या आधीच गेले. बारशाला आत्यानं पाळण्यात कुर्र करून स्वतःच्या वडिलांचं नाव माझ्या कानात सांगितलं आणि मोकळी झाली. आजोबांना ते कसं मिळालं, तर थोरले दोन भाऊ पांडुरंग आणि विठोबा, आणि हे शेंडेफळ. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, आता तिसरा देव कोणता? पणजोबांना सुचेना, तेव्हा मास्तरांनीच वसंत लिहून टाकलं. आमच्या घराण्यात पुढारी, गवई, शास्त्रज्ञ कुणी नाही, पण फॅशन वेळेवर पोचली होती.

याचा एक परिणाम मला लहानपणभर भोगावा लागला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आजीनं मला कधीही नावानं हाक मारली नाही. आईनंही नाही, कारण सासऱ्यांचं नाव. घरात मी "भाऊ". शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली तेव्हा मी ओ दिलीच नाही, हे नाव माझं आहे असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. आणि रेशनकार्डाच्या कामाला आजीबरोबर मीच जायचो, ते मी हुशार होतो म्हणून नव्हे. खिडकीतला कारकून विचारायचा, "मालकांचं नाव?" आजी पदर नीट करायची, माझ्या दंडाला धरून मला खिडकीपुढे ओढायची आणि म्हणायची, "ह्येचं हाय त्येच." मग कारकून माझ्याकडे बघायचा आणि मी सांगायचो.

तर असं आहे. एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. इतक्या गावांत इतक्या लोकांनी विचारलं, पण "वसंत रांजण्यांवरून का हो?" असं अजून एकानंही विचारलेलं नाही. पुण्याचा मध्यमगती गोलंदाज, पहिल्याच रणजी सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध एका डावात 35 धावांत 9 बळी, पुढे भारताकडून 7 कसोट्या. आमच्याकडे क्रिकेट इतकं बोललं जातं आणि हा माणूस कुणालाच आठवू नये? माझ्या शाखेत येऊन पहिल्यांदा हे नाव जो घेईल त्याला कर्ज लगेच मंजूर करता येणार नाही, त्याला कागद लागतात, पण चहा माझ्याकडून.