आता बरं आहे, मग जायचं कशाला?

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माझी फार्मसी आहे. काउंटरच्या या बाजूला उभी राहून मला २६ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. कुणी कोकणीतून विचारतं, "दोतोराकडेन वचूंक जाय, काय रावून पळोवया?" कुणी मराठीतून, "वहिनी, हे दाखवायला हवं का, की थांबून बघू?" मी डॉक्टर नाही, तपासणी माझं काम नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. काउंटरवर मागे चार माणसं खोळंबलेली असताना हे नीट सांगता येत नाही.

आधी आमच्या घरचं सांगते, कारण माझं सगळं मत तिथूनच बनलं आहे.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होते. सुपारीचं शिपटं, आंबाडे, कांगलां, नारळ, सगळं सोप्यावर मांडलेलं. केवणीच्या दोराने ते एकेक फळ बांधायचे. पन्नासेक वर्षं त्यांनी त्याच गाठी मारल्या असतील, बोलता बोलता हात आपोआप चालायचे. त्या दिवशी उजव्या हाताला गाठ मारता येईना. दोर बोटांतून निसटायचा, ते परत उचलायचे, परत निसटायचा. मुलाने काहीतरी विचारलं तर त्यांचे शब्द जड, एकमेकांत मिसळलेले आले. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. मी साखरपाणी दिलं. सकाळपासून पोटात नीट काही नव्हतं, उकडत होतं, साखर कमी झाली असेल असं मीच म्हणाले. घरात शुगर मोजायचं यंत्र होतं, तरी मी मोजली नाही. थोड्या वेळाने हात पूर्ववत झाला, बोलणं स्वच्छ झालं, आणि ते उठून पुन्हा माटोळीला लागले. संध्याकाळपर्यंत सगळी बांधूनही टाकली.

मी दिवसभर लोकांना औषधं देणारी बाई. माझ्याही मनात आलं ते हेच: आता बरं आहे, मग जायचं कशाला? उद्या घरात गणपती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा उठले तेव्हा अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू हलत नव्हती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. १०८ बोलावली, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?" आम्ही म्हणालो, रात्री झोपताना. मेंदूतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री नेमकं कधी घडलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून वेळ शेवटच्या ठणठणीत क्षणापासून धरली. ते इंजेक्शन दादांना मिळालं नाही. मग त्यांनी विचारलं, "याआधी असं काही झालं होतं?" मी माटोळीचं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त लिहून घेतलं, आणि किती वाजता, किती मिनिटं, हे विचारलं. मला सांगता आलं नाही.

माटोळीच्या वेळी जे झालं तोही पक्षाघाताचा झटकाच होता, लहानसा, आपला आपण सुटलेला. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि पुन्हा सुरू होतो, मागे खूण राहत नाही. पण पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्या दोन दिवसांत तपासणी होऊन औषधं सुरू झाली तर मोठा झटका पुष्कळदा टळू शकतो. ते दोन दिवस आम्ही आरत्या, पाहुणे आणि नेवऱ्यांत घालवले.

तेव्हापासून मी काउंटरवर एक गोष्ट ठरवून ऐकते. कुणी म्हणालं, "झालं होतं, पण आता गेलं," तर तिथे मी औषध बाजूला ठेवते आणि प्रश्न विचारते. आपण सगळे दुखण्याच्या मापाने मोजतो. दुखतंय तर मोठं, थांबलं तर सुटलो. पुष्कळ गंभीर आजार दुखतच नाहीत, आणि काही मुद्दाम ये-जा करावी तसे येतात, जातात.

एक गृहस्थ महिन्याभरात ॲसिडिटीच्या पातळ औषधाची तिसरी बाटली न्यायला आले. छातीत जळजळतं म्हणाले. कधी, असं विचारलं. "देवळाकडची चढण चढताना. बसलो की जातं." जेवणाशी काही संबंध नाही, चढाशी आहे. चालल्यावर येणारं आणि विसावल्यावर जाणारं छातीतलं दडपण हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. मी त्यांना बाटली दिली नाही, आजच ईसीजी काढा म्हणून हात जोडले. मधुमेह असलेल्यांना तर कधी छातीत दुखतही नाही. नुसता दरदरून घाम, धाप, नाहीतर जबडा आणि डावा हात अवघडल्यासारखा होतो. हे बसल्या जागी सुरू झालं आणि दहा मिनिटांत थांबलं नाही, तर दवाखाना उघडायची वाट बघत बसू नये, सरळ १०८.

पावसाळ्यात याच चुकीचा दुसरा प्रकार दिसतो. डेंग्यूच्या तापात ताप उतरला की घरातले म्हणतात, चला, सुटलो. खरं तर ताप उतरायला लागतो त्यानंतरचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात. त्या वेळी पोटात जोराने दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस गळून निपचित पडला, तर ताप नसला तरी लगेच हॉस्पिटल. आणि अंगदुखीसाठी माझ्याकडे जोराची गोळी मागू नका. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सरदीच्या, म्हणजे पावसाळी शेतीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार व्हायला हवा. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकाने तो आटोक्यात येतो. पॅरासिटामॉलवर पाच दिवस काढून लघवी कमी झाल्यावर आणि डोळे पिवळे झाल्यावर गेलं, तर तोवर मूत्रपिंडावर आलेलं असतं. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचेही रुग्ण आढळले आहेत. काजूच्या बागायतीत, रानात गेलेल्यांना गोचिडीमार्फत तो होतो. म्हणून ताप घेऊन जाल तेव्हा "मी काजू गोळा करायला गेलो होतो" हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. ते त्यांना कुठून कळणार?

आता जो प्रसंग माझ्या मनाला सर्वांत जास्त लागला तो. रात्री शटर अर्धं ओढलं होतं. ओळखीच्या एक काकी आल्या, साठीच्या जवळच्या. इकडेतिकडे बघून पॅडचं पाकीट मागितलं. मी सहज म्हणाले, "सुनेला हवं का?" त्या खाली बघत म्हणाल्या, "ना गो, माझ्यासाठीच. आठ वर्षांनी परत दिसलं. दोन दिवस होतं, मग आपणच थांबलं. परत आलं तर असावं घरात." पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि त्या वेळी सापडला तर तो बरा होण्यासारखा असतो. पुरुषांनी लघवीतल्या रक्ताबद्दल हेच समजावं. एकदाच आलं, दुखलं नाही, परत आलं नाही, तरीही. काकींना मी पाकीट दिलं आणि शटर ओढून त्यांच्याबरोबर बसले. दुसऱ्या दिवशी मुलीला सांगून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. पिशवी काढावी लागली. आता त्या दुकानात येतात त्या रक्तदाबाच्या गोळीसाठी, आणि मोठ्याने बोलतात.

उलट बाजूही आहे. दर दुसऱ्या दिवशी काहीतरी नवीन घेऊन येणारी माणसं असतात. पापणी फडफडते, मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, दोन रात्री झोप झाली नाही. यातलं बरंचसं आठवडाभर थांबून बघता येतं, आणि मी तसं सांगते. पण भीतीने झोप उडाली असेल तर तेही जाण्याचं कारण आहे. एकदा नीट तपासून घेतलेलं बरं, रोज मोबाइलवर नवा आजार वाचत बसण्यापेक्षा.

मग मी कशावरून ठरवते? अचानक आलं का. आधी कधी झालं नव्हतं असं काही आहे का. शरीराच्या एकाच बाजूला आहे का. आठवड्यागणिक वाढतंय का, झोपेतून उठवतंय का, खाणं तेवढंच असून वजन उतरतंय का. यातल्या एकालाही हो असेल तर मी थांबा म्हणत नाही. आणि तोंड वाकडं होणं, हातातलं निसटणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यासमोर अंधारी येणं, यांत तर पाच मिनिटांचंही थांबणं नको, पुन्हा ठीक झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. घरात ॲस्पिरिन आहे, देऊ का, असं विचारतात. देऊ नका. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो, ते स्कॅनशिवाय कळत नाही.

पैशांचं विचारतात तेव्हा मी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डाचं विचारते. पुष्कळांच्या कपाटात ते पडलेलं असतं आणि मुदत संपून गेलेली असते. आजच काढून बघा. आणि बांबोळीचं नाव घेताना आपल्याकडे आवाज खाली जातो, जणू तिथे नेलेलं माणूस परत येतच नाही. दादा परत आले. आणखी दोन दिवस आधी गेले असते तर बहुधा चालत आत जाऊन चालत बाहेर आले असते.

दादांचा उजवा हात पूर्ण आला नाही. बोलणं सावकाश पण स्पष्ट झालं. माटोळी आता माझा मुलगा बांधतो, दादा खुर्चीत बसून कोणतं फळ कुठे ते डाव्या हाताने दाखवतात. सोप्यावर भिंतीला दिनदर्शिका आहे, तिला पेन बांधून ठेवलं आहे. दादांना काहीही वेगळं जाणवलं, बोटांत मुंगी आली तरी, ते माजघराकडे वळून हाक मारतात, "सूनबाई, घड्याळ बघ गो, आणि लिहून ठेव."