बाईंचा सांख्यिकीचा तास

सुवर्णमहोत्सव समितीचे पत्र आले. ‘शाळेच्या आठवणी’ असा मोकळा विषय दिला आहे. स्नेहसंमेलन, मैदान, प्रार्थनेनंतरचे सुविचार यांवर बाकीचे लिहितीलच. मी गणिताच्या बाईंवर लिहिणार आहे, आणि त्यातही त्यांच्या सांख्यिकीच्या तासांवर. बाईंचे नाव इथे लिहायची गरज नाही. आलेखवह्यांचा गठ्ठा काखेत घेऊन जिना चढणाऱ्या बाई म्हटले की आपल्या शाळेतल्या कुठल्याही तुकडीला कळेल.

सांख्यिकी हा पुस्तकातला शेवटाकडचा धडा. परीक्षा तोंडावर आली की मध्य, मध्यक, बहुलक यांची सूत्रे पाठ करून घ्यायची आणि पुढे जायचे, अशी सर्रास रीत. बाई मात्र शाळा उघडली की जूनमध्येच सांख्यिकीला हात घालत, कारण त्यांना पाऊस हवा असे. प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेतल्या पर्जन्यमापकातले पाणी जवळ राहणारी मुले पाळीपाळीने सकाळी साडेआठला मोजत. साडेआठच का, तर हवामान खात्याची नोंद त्याच वेळची असते आणि आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता आले पाहिजेत. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, तोच पावसाचा दिवस धरायचा, हीसुद्धा खात्याचीच व्याख्या.

त्या एका वहीतून बाई सामग्रीचे सगळे प्रकार काढून दाखवत. पाऊस पडला की नाही, ही नुसती गुणात्मक नोंद. त्यात मोजणी होते, बेरीज होत नाही. सर हलकी, मध्यम की जोरदार, यात क्रम आला. पण हलकी आणि मध्यममधले अंतर मध्यम आणि जोरदारमधल्या अंतराइतकेच आहे असे म्हणता येत नाही, म्हणून त्यांना १, २, ३ देऊन सरासरी काढायची नाही. महिन्यात पावसाचे दिवस किती, ही खंडित संख्या. साडेबारा दिवस असे कुठल्याच महिन्यात नसते. आणि मिलिमीटर ही अखंडित राशी. मापनळी जितकी बारीक, तितके दशांश पुढे. शेजारी तापमानाचा रकाना असे. ४० मिलिमीटर पाऊस २० मिलिमीटरच्या दुप्पट असतो, पण ४० अंश सेल्सिअस म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे, कारण तिथले शून्य आपण ठरवलेले आहे. नववीच्या मुलांना हे सहसा कोणी सांगत नाही. बाई सांगत.

अंक दिसला की सरासरी काढायची, ही खोड मोडायला त्या पिनकोडचे उदाहरण घेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पिनकोडचा पहिला अंक ४, पण वर्गातल्या सगळ्या पिनकोडांची सरासरी काढली तर हाती काय लागेल? काहीच नाही. तो आकडा म्हणजे नाव आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली, हे सांगताना बाईंना मनापासून आनंद व्हायचा.

पण बाईंचे खरे बाईपण दिसायचे ते नमुना निवडताना. नववीच्या एका गटाने ‘मुले शाळेत कशी येतात’ याचे सर्वेक्षण केले होते. शाळा अकराची. गट पावणेअकराला फाटकाशी उभा राहिला आणि आत येणाऱ्या ६० जणांना विचारून मोकळा झाला. वृत्तालेख फार देखणा झाला होता. केंद्रीय कोनही अचूक: १८ सायकली म्हणजे १८ भागिले ६० गुणिले ३६०, १०८ अंश, एसटीची ६ मुले, ३६ अंश. बाईंनी आलेख उजेडात धरून पाहिला आणि एवढेच विचारले, “एसटी किती वाजता येते रे?” एसटी साडेनऊला यायची. बाहेरगावची मुले दीड तास आधीच आत येऊन पायऱ्यांवर बसलेली असत. फाटकावर उभे राहून त्यांतली बहुतेक सापडणारच नव्हती. ६० ऐवजी २०० जणांना विचारले असते तरी फरक पडला नसता. चूक नमुन्याच्या आकारात नव्हती, उभे राहण्याच्या जागेत आणि वेळेत होती.

मग बाईंनी हजेरीपट मागवले. समष्टी म्हणजे हजेरीपटावरचे प्रत्येक नाव, फाटकातून दिसलेले मूल नव्हे. धरा, २१ वर्ग, प्रत्येकी ४० मुले, एकूण ८४०. नमुना ४२ चा हवा तर ८४० भागिले ४२, म्हणजे दर विसावे नाव. सुरुवात १ ते २० मधल्या चिठ्ठीने. समजा ७ निघाला, तर ७, २७, ४७, ६७ असे पुढे. हे सोपे वाटते, पण यात एक सापळा आहे आणि तो बाई मुलांकडूनच शोधून घेत. वर्ग ४० चा आणि टप्पा २० चा असला की प्रत्येक वर्गातून ७ आणि २७ याच क्रमांकाची मुले येतात. पटावर आधी मुलगे आणि मग मुली असतील तर ७ वर बहुधा मुलगाच आणि २७ वर मुलगीच. क्रमांक गुणांनुसार दिले असतील तर २१ वर्गांतली सातव्या नंबरची हुशार मुले गोळा होतात. उपाय टप्पा बदलण्याचा. १९ घेतला की पहिल्या वर्गात ७ आणि २६, दुसऱ्यात ५ आणि २४, तिसऱ्यात ३ आणि २२, अशी जागा सरकत जाते. मुले ४२ ऐवजी ४४ होतात, त्याने काही बिघडत नाही.

त्याहून चांगला मार्ग स्तरांचा. बाहेरगावची मुले प्रामुख्याने आठवीपासून येतात, कारण त्यांच्या गावची शाळा सातवीला संपते. मग पाचवी ते सातवीचा एक स्तर आणि आठवी ते दहावीचा दुसरा. पहिल्यात ३६०, दुसऱ्यात ४८० मुले असतील तर ४२ पैकी १८ आणि २४. गैरहजर मुलाच्या जागी शेजारच्या बाकावरचा घ्यायचा नाही. तो येईल त्या दिवशी विचारायचे, कारण लांबून येणारेच जास्त गैरहजर असतात. आणि एसटीने उतरून पुढे चालत येणाऱ्याला कुठल्या रकान्यात घालायचे, हे विचारायला निघण्याआधी ठरवायचे. नव्या नमुन्यात एसटीची फाक कितीतरी रुंद झाली.

चिठ्ठ्यांवरही बाईंचा आंधळा विश्वास नव्हता. १९६९ मध्ये अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. ३६६ कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या, नीट ढवळल्या नाहीत, आणि वर राहिलेल्या डिसेंबरच्या तारखा भराभर आधी निघाल्या. म्हणून वर्गातल्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, सारख्या घडीच्या हव्यात आणि डबा प्रत्येक वेळी हलवायचा.

आलेख बाई सर्वांत शेवटी काढू देत. महिन्यांचा पाऊस स्तंभालेखात, स्तंभांमध्ये जागा सोडून. रोजचे तापमान रेषेने. पाचवीची आणि दहावीची मुले कशाने येतात याची तुलना करायची तर दोन वृत्तालेख शेजारी काढायचे नाहीत, शतमान स्तंभालेख काढायचा. डोळ्याला उंची कोनापेक्षा नेमकी कळते. एका मुलाला दोन उत्तरे द्यायची मुभा असेल तर वृत्तालेख बादच, बेरीज शंभराच्या वर जाते. आयतालेखावर, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या आयतांच्या आलेखावर, बाईंचा सगळ्यांत जास्त जीव. पावसाचे वर्ग ०–५, ५–१०, १०–२० आणि दिवस अनुक्रमे १२, १५, २० असतील तर तिसरा आयत सर्वांत उंच काढणारे निम्मा वर्ग असायचे. वर्गांतर दुप्पट आहे, तर वारंवारतेला, म्हणजे दिवसांच्या संख्येला, वर्गांतराने भागायला हवे: उंची २.४, ३ आणि २. तिसरा आयत सर्वांत बुटका. दिवस क्षेत्रफळात वाचायचे, उंचीत नाही. नेमका १० मिलिमीटर पाऊस १०–२० मध्ये जातो, हेही सारणी करण्यापूर्वी लिहून ठेवायचे. अक्षसंकोचाची, म्हणजे अक्षाचा सुरुवातीचा भाग वगळल्याची, खूण आयतालेखात X-अक्षावर चालते. स्तंभालेखात Y-अक्षावर टाकली की ९५ आणि १०० मधला फरक दुपटीसारखा दिसतो. अशा आलेखाला बाई शून्य गुण देत आणि त्यात योग्यच करत.

मी आज जिल्हा पातळीवर सांख्यिकीच्याच कामात आहे. पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेताचा ठरलेला तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढायला, शेतात उतरलो की बाईंचा वर्ग कामाला येतो. शेत यादृच्छिक अंकाने, म्हणजे चिठ्ठीसारख्या कोणाच्याही मर्जीशिवाय निघालेल्या अंकाने, निघते. शेताच्या कोपऱ्यापासून किती पावले लांबीत आणि किती रुंदीत जायचे, तेही अंकच सांगतात. समोर पीक जोमदार दिसते म्हणून तिथे खुंटी ठोकायची नाही, आणि किडलेले दिसते म्हणून तर नाहीच. ५ बाय ५ मीटरचा प्लॉट म्हणजे २५ चौरस मीटर. ६ किलो धान्य निघाले तर ४०० ने गुणून हेक्टरी २,४०० किलो. कडेवरची ताटे आत धरायची की बाहेर, इथे हात सैल सुटला की आकडा फुगतो. चारही बाजूंनी १० सेंटीमीटर जास्त कापले तर क्षेत्र २७.०४ चौरस मीटर होते, म्हणजे ८ टक्के जास्त. हेच १ बाय १ मीटरच्या प्लॉटमध्ये झाले तर ४४ टक्के. छोटे प्लॉट उत्पन्न वाढवून दाखवतात, हे १९४० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून देणारे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. भारतातल्या पीक सर्वेक्षणाची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बाईंनी त्यांचे नाव आम्हाला दहावीतच सांगितले होते.

आता शाळेत संगणक कक्ष आहे, याचा अभिमान वाटतो. पण प्रकल्पवह्या चाळल्या तेव्हा वाईट वाटले. आलेख रंगीत, त्रिमितीय, तिरपे. पुढची फाक मागच्यापेक्षा मोठी दिसते, आकडा मात्र तोच. एकाही वहीत कोणाला विचारले, कसे निवडले, किती जण सापडले नाहीत, हे लिहिलेले नाही. बाईंच्या काळी वहीचे पहिले पान त्यासाठीच राखलेले असे. ते पान परत यावे.

समितीने ‘आपले माजी विद्यार्थी आज कुठे आहेत’ याची माहिती व्हॉट्सॲप गटावर मागवली आहे. गटावर असलेले, त्यातही सांगण्यासारखे काही असलेलेच ती भरतील. त्याऐवजी कार्यालयातले जनरल रजिस्टर काढावे. पाच दशकांचे पाच स्तर, प्रत्येकातून यादृच्छिक अंकांनी २० नावे, एकूण १००. लग्नानंतर मुलींची आडनावे बदलली आहेत; त्यांचा शोध कठीण म्हणून त्या गळाल्या तर चित्र फक्त मुलग्यांचे होईल, तेव्हा माहेरच्या पत्त्यावर जाऊन विचारावे लागेल. न सापडलेल्यांच्या जागी दुसरे नाव घेऊ नये, त्यांची संख्या वेगळी छापावी. व्यवसायांचा आलेख साध्या स्तंभांचा, मोठ्यापासून लहानाकडे, अक्ष शून्यापासून. १९९० च्या दशकातली वीस नावे शोधण्याचे काम माझ्याकडे द्यावे.