माळकरी स्वयंपाकघर आणि बी-१२

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. आठेक वर्षांपूर्वी पंढरपूरला जाऊन आम्ही दोघांनी तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून घरात मासळी शिजणे बंद झाले. किनाऱ्यावर राहून बांगडा न खाणारी माणसे असतात, याचे बाहेरून आलेल्यांना नवल वाटते. आमच्याकडे मात्र माळकरी घरे वाडीवाडीत आहेत. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, दुपारी भात, कुळथाची पिठी आणि परसातली एखादी भाजी, रात्री भाकरी आणि उसळ, असे आमचे साधे जेवण. दूध मला लहानपणापासून सोसत नसल्यामुळे चहा कोराच, तोही दिवसातून चार-पाच वेळा. भरीला पित्ताची तक्रार जुनी असल्याने पँटोप्राझोलची एक गोळी सकाळी उपाशीपोटी घेण्याचा परिपाठ कित्येक वर्षांचा होता. ही सगळी माहिती आधीच सांगण्याचे कारण असे की, पुढे डॉक्टरांनी यातील प्रत्येक गोष्ट विचारून घेतली आणि प्रत्येक गोष्टीचा माझ्या आजाराशी, म्हणजे अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व आणि लोह कमी पडण्याशी, संबंध निघाला.

त्रास एकदम आला नाही आणि एका नावाने तर मुळीच आला नाही. प्रथम दम लागू लागला. शाळेची घाटी चढताना मध्ये थांबावे लागे. मग जीभ लाल होऊन झोंबू लागली, तिखट कालवण तोंडात धरवेना. त्यानंतर दोन्ही तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि हळूहळू त्यांची जागा बधिरपणाने घेतली. चप्पल पायातून निसटली तरी चार पावले पुढे गेल्यावर कळायचे. याच सुमारास मनाचेही तंत्र बिघडले होते, पण ते दुखण्यात कोणी धरले नाही. वर्गात मुलांवर विनाकारण ओरडणे, हजेरी घेताना रोजच्या मुलाचे नाव न आठवणे, पगारपत्रकातील साधी बेरीज पुन्हा पुन्हा तपासणे आणि संध्याकाळी कारण नसताना रडू येणे, हे सारे पाळी जाण्याच्या वयाच्या खात्यावर जमा झाले. पायांसाठी शेजारच्या काकींनी ‘बाय, ह्या वाऱ्याचा दुखणा, तेल लाव, बरा वाटतला’ असे सांगून खोबरेल तेलात लसूण कढवून दिली. तेलाने झोप बरी लागत असे, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

थकव्यासाठी जवळच्या एका दवाखान्यात लोह आणि फॉलिक आम्ल असलेले टॉनिक मिळाले. ते काही महिने घेतल्यावर हिमोग्लोबिन थोडे वाढले, दम कमी झाला आणि घरच्यांना हायसे वाटले. पायांचा बधिरपणा मात्र घोट्यांपर्यंत चढला. रक्त सुधारत असताना नसा बिघडत जाव्यात, हे त्या वेळी आम्हाला कोडेच वाटले. पुढे त्याचाच उलगडा सर्वांत उपयोगी ठरला.

शेवटी यजमानांनी मला कुडाळच्या एका फिजिशियनकडे नेले. सकाळी न्हाणीत तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो आणि भिंतीला हात टेकावा लागतो, असे मी सहज बोलण्याच्या ओघात सांगितले. ते ऐकताच त्यांनी लिहिणे थांबवले. ‘बाई, पाय जुळवून उभ्या राहा आणि डोळे मिटा,’ असे म्हणून ते माझ्या मागे हात धरून उभे राहिले. डोळे उघडे असताना मी सरळ उभी होते, मिटताच डुलू लागले. मग त्यांनी शाळेच्या प्रयोगपेटीत असतो तसला नादकाटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. ‘काय वाटते?’ काहीतरी थंड टेकले आहे, एवढेच मला कळत होते. तोच काटा मनगटाच्या हाडावर टेकवल्यावर कंप स्पष्ट जाणवला. पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवणारे मज्जारज्जूतील मार्ग कमकुवत झाले की माणूस डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळतो आणि डोळे मिटले की तो आधारही जातो, असे त्यांनी समजावून सांगितले.

अहवाल आले तेव्हा आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. हिमोग्लोबिन १०.६ होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या स्त्रीला ते किमान १२ हवे. बी-१२च्या कमतरतेत तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात, हे नेहमीचे लक्षण. पण माझ्या पेशींचा सरासरी आकार ९३ फेम्टोलिटर, म्हणजे ८० ते १००च्या चौकटीत अगदी व्यवस्थित बसणारा होता. नुसता तो आकडा पाहणाऱ्याने कागद बाजूला ठेवला असता. प्रत्यक्षात लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२च्या कमतरतेने मोठ्या होतात आणि दोन्ही एकाच वेळी असतील तर सरासरी मधोमध येऊन निरोगी दिसते. काचपट्टीवर पाहिल्यावर लहान आणि मोठ्या पेशी शेजारी शेजारी दिसल्या, शिवाय पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे नेहमीपेक्षा जास्त तुकडे पडलेले होते. मग वेगळ्या तपासण्या झाल्या. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ११, म्हणजे फारच कमी निघाले आणि बी-१२ ११८. त्या प्रयोगशाळेच्या मापात २००च्या खालचा आकडा कमतरतेचा होता.

बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते मासळी, मटण, अंडी व दूधदुभत्यातून पोहोचते. भाजीपाला, डाळी आणि धान्ये यांत ते भरवशाच्या प्रमाणात नसते. बांगडा, तारली आणि विशेषतः तिसऱ्या नावाच्या शिंपल्या यांत ते भरपूर असते, म्हणजे माळ घालण्यापूर्वीच्या माझ्या ताटात त्याची ददात नव्हती. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अल्प, तर यकृतातील साठा काही मिलिग्रॅमचा. त्यामुळे आहारातून ते बंद झाले तरी उणीव दिसायला वर्षे लागतात आणि तोपर्यंत आहार कधी बदलला हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे होण्यासाठी जठरात आम्ल लागते आणि माझी रोजची गोळी नेमके तेच आम्ल कमी करत होती. लोह शोषले जाण्यासाठीही आम्लाची मदत लागते. त्यावर जेवणाबरोबरच्या कोऱ्या चहातील टॅनिनची भर. टॉनिक घेऊनही फेरिटिन तळाशी का राहिले, हे तेव्हा लक्षात आले.

टॉनिकचे कोडेही येथेच सुटले. फॉलिक आम्लाचा शोध एका अर्थी आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टपासून केलेल्या मार्माइट या पदार्थाने त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे त्यांना आढळले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. बी-१२ कमी असतानाही फॉलिक आम्ल भरपूर दिले तर तांबड्या पेशी बनण्याचे काम बऱ्याच अंशी पुढे सरकते. परंतु नसांभोवतीचे मायलिनचे वेष्टन शाबूत राखण्याचे बी-१२चे काम ते करू शकत नाही. म्हणून रक्ताचा आकडा चढतो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते. मेंदूतील नसांनाही हेच वेष्टन असते. चिडचिड, विस्मरण, उदासपणा आणि काही रुग्णांमध्ये भ्रमसुद्धा याच कमतरतेने होऊ शकतो. माझ्या रडण्याला एक रासायनिक बाजू आहे, हे ऐकून मला वाईट वाटण्याऐवजी बरेच वाटले.

उपचाराचा आरंभ इंजेक्शनांनी झाला. एका इंजेक्शनात १००० मायक्रोग्रॅम. आधी दिवसाआड, मग आठवड्याने, पुढे महिन्याने. पहिली कुडाळला घेतली, नंतरची गावच्या उपकेंद्रातील सिस्टर देत असत. पहिल्या आठवड्यात पोटॅशियम तपासले गेले, कारण नव्या पेशी झपाट्याने बनू लागल्या की रक्तातील पोटॅशियम उतरू शकते. सुधारणेचा क्रम मात्र अपेक्षेपेक्षा निराळा निघाला. जीभ सर्वांत आधी बरी झाली. मग डोके हलके झाले आणि हजेरी घेताना नावे अडखळेनाशी झाली. पाय काही आठवडे उलट जास्तच झोंबले. बधिर नस जागी होताना असे होऊ शकते, असे डॉक्टरांनी आधीच बजावले नसते तर मी घाबरून इंजेक्शने सोडली असती. अंगठ्यांच्या टोकांना थोडा बधिरपणा आजही आहे आणि तो पूर्ण जाईल असे आश्वासन कोणी दिलेले नाही.

खरी वाटाघाट घरात झाली, ती माळेवरून. सासूबाईंना वाटले की डॉक्टर आता मासे खायला लावणार आणि सुनेला माळ उतरवावी लागणार. डॉक्टरांनी तसे काही सांगितले नाही. गोळ्यांतील आणि इंजेक्शनांतील बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात, त्यात मासळीचा वा मांसाचा संबंध येत नाही, हे त्यांनी सासूबाईंना फोनवरून समजावून सांगितले. मीच पुढे औषधांच्या दुकानात चौकशी केली तेव्हा कळले की या जीवनसत्त्वाच्या पुष्कळ कॅप्सूल जिलेटिनच्या असतात आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. म्हणून कॅप्सूल टाळून साधी गोळी मागून घेतली. इंजेक्शने संपल्यावर १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालू झाली. गरज दोन-अडीचची आणि गोळी हजाराची, हा हिशेब मला खटकला होता. त्याचे उत्तर असे की इतक्या मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्का भाग जठरातील वाहक प्रथिनाच्या मदतीशिवाय आतड्यातून आपोआप झिरपतो आणि तेवढाही गरजेच्या कितीतरी पट असतो.

अनेकांनी आंबील आणि आंबोळीचे नाव सुचवले, एकांनी शहरातून स्पिरुलिनाची डबी आणून दिली. पीठ आंबवल्याने पचन सुलभ होते हे खरे, पण त्यातून बी-१२ पुरेसे मिळते असे समजून चालत नाही. स्पिरुलिनात जे असते त्यातील बहुतेक भाग बी-१२सारखा दिसणारा पण माणसाच्या शरीरात निरुपयोगी असा पदार्थ असतो. डबी मी परत केली. दह्याची मात्र सवय केली, कारण दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही सोसते. आता दुपारच्या जेवणात वाटीभर दही असते.

लोहाच्या बाबतीत स्वयंपाकघरानेच अधिक साथ दिली. माळ्यावर पडलेली बिडाची कढई खाली आली आणि चिंच-कोकमाचे आंबट कालवण तिच्यात शिजू लागले, कारण आंबट पदार्थात कढईतील लोह अधिक उतरते. तसे कालवण काळपट दिसते आणि धाकट्या मुलाला ते आवडत नाही. उसळीवर लिंबू पिळणे, पावसाळ्यात टाकळ्याच्या भाजीबरोबर कैरीचे लोणचे न घेता ताज्या लिंबाची फोड घेणे आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवणे, एवढेच बदल; चहाचा बदल सर्वांत जड गेला. पित्ताची गोळी एकदम थांबवली तर आम्ल उसळून येते, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्याने कमी केली. रात्रीचे जेवण लवकर घेतल्याने ती आता क्वचितच लागते.

आहाराने मन सुधारते, हे वाक्य आता जो तो म्हणतो आणि माझ्या अनुभवाचा दाखला द्यायला सांगतो. माझे मत थोडे सावध आहे. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात सुमारे एक तृतीयांश रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, तर नुसती सोबत आणि गप्पा मिळालेल्या गटात आठ टक्के. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण गट लहान होते आणि बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालूच होते. म्हणजे आहार त्यांना उपचारासोबत मिळाला, उपचाराऐवजी नव्हे. माझेही तसेच झाले. बी-१२चा आकडा चारशेच्या वर गेला, विस्मरण आणि चिडचिड ओसरली, तरी पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडणे राहिलेच. त्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांकडे जावे लागले आणि त्याचा गुण आला. नुसत्या गोळ्यांवर किंवा नाचणीच्या भाकरीवर विसंबून राहिले असते, तर ती झोप परतली नसती.

सध्या वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२ तपासते. घरातील इतरांचाही विचार झाला. यजमान माळकरी असले तरी दूध-ताक भरपूर घेतात, त्यांचा आकडा ठीक निघाला. थोरल्या जाऊबाई मासे खातात, म्हणून त्यांना तपासणीची गरज नाही असे सगळे धरून चालले होते. परंतु मधुमेहासाठी त्या दहा-बारा वर्षे मेटफॉर्मिन घेत आहेत आणि त्या औषधानेही बी-१२चे शोषण कमी होऊ शकते. त्यांचे तळपाय जळतात ते साखरेमुळे, असेच आजवर मानले गेले होते. गणपतीनंतर मी त्यांना आग्रहाने तपासणीला नेले; आकडा १६० निघाला, आणि आता उपकेंद्रातील सिस्टरांकडे त्यांची इंजेक्शने चालू आहेत.