आधी डिस्ट्रिब्युटर, मग मॉड्यूल

जुन्या गाडीच्या कामात या वेळी इग्निशन, म्हणजे स्पार्कची यंत्रणा, हातात घेतलं. इंजिन बीएमसी बी-सिरीज, 1489 सीसी, आणि त्यावर लुकासचा 25डी4 डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग. तक्रार एकच, पण चिवट. आयडलला गाडी एकदम शांत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर ओढतेही छान. पण सपाट रस्त्यावर हलक्या पायानं एका वेगात चालवली की मिसिंग सुरू. असं लक्षण दिसलं की पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. मी आधी हलक्या पायावर स्पार्क थोडा लवकर पाडणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढली, तिचं तोंड बंद केलं आणि गाडी फिरवून आणली. मिसिंग गायब.

एवढ्यावरून बरंच कळतं. आयडलला या नळीत व्हॅक्यूम जवळजवळ नसतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरही तो पडतो. हलक्या पायावर मात्र तो भरपूर असतो, डायफ्रॅम ओढला जातो आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) ज्या प्लेटवर बसवलेत ती प्लेट फिरते. म्हणजे बिघाड प्लेट फिरल्यावरच होतोय, तेव्हा कार्बोरेटरचे जेट साफ करून काही हाती लागणार नव्हतं.

कॅप काढली, रोटर उपसला. पॉइंट बंद राहतील अशा बेतानं इंजिन हातानं फिरवून ठेवलं, इग्निशन चालू केलं. मल्टिमीटरची एक पिन फिरत्या प्लेटवर, दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर. प्लेट जागेवर असताना आकडा 0.2 व्होल्टच्या आत, म्हणजे ठीक. मग नळी तोंडात धरून ओढली. प्लेट सरकली आणि आकडा व्होल्टाच्या वर उडाला. फिरत्या प्लेटला बॉडीशी जोडणारी एक बारीकशी अर्थची वायर असते, कापडी आवरणाची. वरून ती धडधाकट दिसत होती. चिमट्यानं हलकेच वाकवली तर आवरणाच्या आत तारा तुटलेल्या, दोन-तीनच टिकून होत्या. वर्षानुवर्षं प्लेट पुढे-मागे होत राहिली की ही वायर अशीच आतून जाते. 25डी4 वाल्यांनी ती एकदा तरी वाकवून बघावीच.

नवी वायर घेताना ती अगदी मऊ आणि भरपूर बारीक तारांची हवी. सोल्डर करताना टोकालगत चिमट्यानं घट्ट धरा, म्हणजे उष्णता तिथेच अडते आणि कथील तारांमधून वर चढत नाही. चढलं तर तेवढा भाग कडक होतो आणि पुढची मोड तिथेच. बसवल्यावर प्लेट दोन्ही टोकांपर्यंत सरकवून पाहिली. वायर कुठे ताणली जात नाही ना, कॅमला घासत नाही ना. परत मोजलं, आकडा आता जागचा हलत नाही.

उघडलंच आहे तर बाकीचंही केलं. शाफ्टच्या बुशमध्ये प्ले आहे का ते नुसतं हलवून नीट कळत नाही, ड्वेल, म्हणजे पॉइंट किती अंश बंद राहतात ते, मोजणारा मीटर खरं सांगतो. नळी काढून आयडलवर आणि मग आरपीएम वाढवून ड्वेल पाहायचा. फरक 3 अंशांच्या वर गेला की बुश गेले समजा. माझे शाबूत आहेत. कॅमला ग्रीसचा नुसता हात, रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे थेंब. वेगानुसार स्पार्क लवकर पाडणाऱ्या आतल्या वजनांच्या दोन स्प्रिंगपैकी एक सैल दिसली तर घाबरू नका. ती मुद्दाम तशी असते, वेग वाढल्यावरच ताणात येते.

पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिमी, ड्वेल 60 अंशांच्या आसपास. गॅप आधी आणि टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) नंतर, हा क्रम पक्का ठेवायचा. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. ड्वेलमधला एक अंश म्हणजे क्रँकवरचा एक अंश.

कॉइलवरही वेळ घालवला. प्रायमरी वाइंडिंग 3 ओहमच्या जवळ आलं, म्हणजे बॅलास्टशिवायची (वेगळा रेझिस्टर न लागणारी) साधी 12 व्होल्टची कॉइल. ही गाडी कधीकाळी पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्हवर आणलेली आहे, आणि तेव्हा कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या राहून गेल्या होत्या. स्पार्क तरीही पडतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो निगेटिव्ह हवा. उलटं असेल तर त्याच गॅपसाठी कॉइलला जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू (स्विचकडची) आणि सीबी (पॉइंटकडची) अशा खुणा असतील तर अशा गाडीत त्या उलट वाचायच्या.

हे सगळं झाल्यावर गाडी पॉइंटवरच पोटभर चालवली. मिसिंग नाही, पिकअप मोकळा. आणि मगच हॉल इफेक्ट मॉड्यूल, म्हणजे चुंबकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवलं. माझं ठाम मत आहे की क्रम हाच असावा. मॉड्यूल फक्त पॉइंटच्या स्विचची जागा घेतं. वजनं, स्प्रिंग, डायफ्रॅम, ती अर्थची वायर आणि शाफ्ट, हे सगळं जुनंच राहतं. तिथला दोष मॉड्यूलनं झाकला जाईल, पण जाणार नाही.

बसवताना पाळण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. मॉड्यूल आपल्या अर्थच्या पोलॅरिटीचंच घ्यायचं, उलट जोडलं की जळतं. गाडीत बॅलास्ट असेल तर मॉड्यूलची लाइन बॅलास्टच्या आधी घ्यायची. तांब्याच्या नुसत्या एचटी (प्लगकडे जाणाऱ्या हाय टेन्शन) वायरी काढून रेझिस्टन्सवाल्या टाकल्या. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू सोडायचं नाही. कंडेन्सर आता सर्किटमध्ये नाही, पण तो आणि सेट केलेले पॉइंट प्लेटसकट डिकीत आहेत. मॉड्यूल वाटेत गेलं तर एका स्क्रूड्रायव्हरवर परत येता येतं.

टायमिंग स्ट्रोबनं (लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटनं) लावलं, शेवटचा फरक व्हॅक्यूम युनिटच्या खाचेच्या नटानं काढला, ए म्हणजे पुढे आणि आर म्हणजे मागे. पॉइंट असताना टेस्ट लॅम्पवर स्टॅटिक टायमिंग काढायची सोय होती, ती आता गेली. तेवढी उणीव मला जाणवते.

आता राहिलाय अ‍ॅडव्हान्स कर्व्ह, म्हणजे वेग वाढेल तसा स्पार्क किती अंश आधी पडतो त्याचा आलेख. वजनांच्या वरच्या कॅमवर 15 कोरलंय, म्हणजे क्रँकच्या हिशेबात 30 अंश. पुलीवर अंशांच्या खुणा करून, नळी बंद ठेवून, आरपीएम टप्प्याटप्प्यानं वाढवत हे 30 कुठे पूर्ण भरतात ते टिपणार आहे. बॉडीवरच्या लुकासच्या नंबराला धरून या स्प्रिंग मूळच्या आहेत की कुणी बदलल्यात, ते त्यानंतर कळेल.