जुळ्या, आणि दोघी साहित्यातच!

ओळखीतल्या जुळ्या बहिणी, आईवडील दुसऱ्या देशातून आलेले, आणि दोघींनी चक्क साहित्य घेतलं, आता दोघीही वर्गात पुढे. लोक विचारतात ज्या भाषेचं साहित्य शिकतात ती घरात बोलत नाहीत तरी कसं जमलं, मला वाटतं म्हणूनच जमलं! लहानपणापासून बँकेचे फॉर्म, डॉक्टरांचं बोलणं आईला समजावून सांगायचं म्हणजे शब्द न् शब्द तोलायची सवय लागतेच ना. अमेरिकन लेखिका झुंपा लाहिरींचंही घर असंच, बंगाली आईवडील, पुढे पीएचडी, २००० साली पुलित्झर पुरस्कार, नंतर तर थेट इटालियनमध्येच लिहायला लागल्या (हे डेरिंग मला भारी वाटतं). या दोघी मात्र एकाच कवितेवरून तासभर भांडतात, एकीला ती प्रेमाची वाटते, दुसरीला मरणाची, आणि आई मधूनच विचारते, अगं पण यमक कुठंय?